पाटी नसलेली गिटार : नागोयातल्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानात मागच्या भिंतीला 'जंक' नावाचा कोपरा असतो. तिथली वस्तू घेतली की परत करता येत नाही, आणि चालेल याची हमी कोणी देत नाही. जुने व्हीसीआर, एका बाजूचेच स्पीकर, वायर तुटलेले राइस कुकर. या सगळ्यात आज एक इलेक्ट्रिक गिटार उभी होती. चिठ्ठीवर लिहिलेलं : 'कंपनी माहीत नाही, आवाज येत नाही, भाग कमी आहेत. ६,६०० येन.'

लाल-काळ्या सनबर्स्टची बॉडी, दोन शिंगं बाहेर वळलेली. प्रत्येक पिकअपसाठी, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागासाठी, वेगळा पांढरा रॉकर स्विच, घरातल्या दिव्याच्या बटणासारखा. ब्रिजजवळचा पिकअप जागेवर, त्यावर सोनेरी पत्र्याची जाळी. मानेजवळच्या पिकअपच्या जागी नुसता खड्डा आणि कापलेल्या दोन वायरी. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, कंपनीचा बिल्ला जिथे होता तिथे दोन बारीक भोकं, आणि त्यांच्याभोवती जरा गडद राहिलेला एक लांबट डाग.

घेतली. बायको म्हणाली, "अर्धी गिटार पूर्ण पैशांत?" बरोबर आहे तिचं.

१२ जानेवारी, रविवार

खोलायला बसलो. एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाचे स्क्रू वाचतील. जपानी स्क्रूची फुली दिसायला फिलिप्ससारखी असली तरी फिलिप्स नसते. खोबणीचा आकार जरा निराळा असतो. भारतातून आणलेला माझा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि फुलीचा गोल खड्डा करून टाकतो. जपानी मापाचा, जेआयएस लिहिलेला स्क्रूड्रायव्हर वापरला आणि साठ वर्षांचे स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघाले.

मानेच्या प्लेटवर कोरलंय : 'स्टील रिइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान'. वाचून आधी खूश झालो, पण ही प्लेट त्या काळी कितीतरी कारखाने लावत होते, त्यामुळे तिच्यावरून काही ठरत नाही.

खरी गंमत पिकअपच्या ३ मिलिमीटरच्या स्क्रूमध्ये निघाली. एक बदलायला म्हणून आजच्या बाजारातला घातला, तर दोन फेऱ्यांत अडकला. आटे मोजायची पट्टी लावली : दोन आट्यांमधलं अंतर ०.६ मिमी. आजच्या एम-३ स्क्रूचं असतं ०.५. म्हणजे हे जुन्या जेआयएस मापाचे आटे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून जपान आंतरराष्ट्रीय आयएसओ मापाकडे वळला. त्या बदलाच्या काळात नव्या आट्यांचा स्क्रू ओळखता यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक बारीक टिंब दाबलेलं असे. माझ्या एकाही स्क्रूवर टिंब नाही. बिल्ला नसला म्हणून काय झालं, स्क्रू बोलतायत.

मान काढल्यावर आतल्या खाचेत पेन्सिलीने '४२' लिहिलेलं दिसलं. शोवा ४२ म्हणजे १९६७. किंवा त्या दिवशीची बेचाळिसावी मान. दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर रात्री फोटो जुळवत बसलो. रॉकर स्विच, सोनेरी जाळी, शून्यावरचं जादा फ्रेट (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी), तारांच्या मागचं पत्र्याचं टेलपीस, सगळं टेस्को या जुन्या जपानी गिटार कंपनीकडे बोट दाखवतंय.

टेस्कोची गोष्ट थोडक्यात. १९४६ साली, युद्धानंतरच्या टोकियोत, अत्सुओ कानेको आणि दोर्यू मात्सुदा या दोघांनी ती सुरू केली. कानेको हवाईयन गिटार वाजवणारा, मात्सुदा विजेचा इंजिनिअर. सुरुवातीला मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि अॅम्प्लिफायर. मग अमेरिकन व्यापारी आले आणि टेस्कोचा माल जहाजं भरभरून तिकडे जाऊ लागला. तो टेस्को म्हणून जाईच असं नाही : विकणारा म्हणेल ते नाव हेडस्टॉकवर. टेस्को डेल रे, किंग्स्टन, किंबर्ली, सिअर्सच्या दुकानांसाठी सिल्व्हरटोन. एकाच बाकावरून उतरलेल्या सख्ख्या बहिणी, आडनावं चार.

जानेवारी १९६५ मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानच्या दौऱ्यावर आला आणि इथल्या पोरांना 'एरेकी'चं वेड लागलं. एरेकी म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, जपानी जिभेवरचं तिचं रूप. मागणी इतकी की काल फर्निचर करणारे आज गिटार करू लागले. हा फुगा जितक्या जोरात फुगला तितक्याच लवकर बसला. १९६७ साली हामामात्सुच्या कावाईने, म्हणजे पियानोवाल्या कावाईने, टेस्को विकत घेतली.

म्हणजे पेन्सिलीतला ४२ जर सालच असेल, तर माझी गिटार कंपनी हातून हातात जात असतानाची. तेव्हा बिल्ला कुठला लावला असेल?

१ फेब्रुवारी, शनिवार

फ्रेट घासले, हिरवा गंज काढला. फिंगरबोर्डवरचा मळ निघाल्यावर खाली तांबूस-काळं लाकूड आणि त्याचे ओळखीचे पट्टे. शिसव जातीचं. इचलकरंजीच्या घरी आजीची पेटी अशाच लाकडाची होती. गिटारवाल्यांच्या भाषेत रोझवुड. २०१७ पासून या जातीच्या लाकडाची वस्तू सीमेपार न्यायची तर कागदपत्रं लागत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला मात्र ती नाही.

जवसाचं तेल लावून ठेवलंय. बाहेर इबुकी डोंगरावरून येणारा वारा असा बोचतोय की गॅलरीत काम होत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज हरवलेल्या पिकअपचा हिशोब.

वायरी तुटलेल्या नाहीत, कटरने सरळ कापल्यात. म्हणजे कोणीतरी तो पिकअप विकण्यासाठी काढला. का, तर राय कूडर. स्लाइड, म्हणजे तारांवर नळी घासून, वाजवणाऱ्या या अमेरिकन वादकाने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या मानेजवळ एका स्वस्त टेस्कोतला सोनेरी जाळीचा पिकअप बसवला. त्याचा तो आवाज ऐकून लोक 'गोल्ड फॉइल' शोधत सुटले. पूर्वी अख्खी गिटार ज्या भावात कोणी घेत नव्हतं, त्याहून जास्त भाव आता नुसत्या पिकअपला. साहजिकच गिटार मारली जाते आणि पिकअप विकला जातो. हस्तिदंतासाठी हत्ती, तसं.

राग आला, आणि रागाच्या भरातच लिलावाच्या साइटवर सुटा गोल्ड फॉइल शोधायला लागलो. तिसरा फोटो उघडल्यावर लक्षात आलं की तोही कुठल्यातरी गिटारचं पोट फाडूनच आलेला असणार. बंद केलं.

उरलेला पिकअप मीटरवर धरला तर काहीच नाही, सर्किट तुटलेलं. जाळी उचलून भिंगाखाली पाहिलं : केसाहून बारीक तार जाड वायरीला जिथे जोडलेली, तिथेच तुटलेली. नशीब! बाहेरचं टोक होतं. आतलं असतं तर सगळंच उलगडावं लागलं असतं. चिमट्याने अर्धा वेढा सोडवला, सोल्डरचा एक टिपूस दिला. ५.८ किलो-ओहम. साठ वर्षांनी पहिला आकडा.

आत काय आहे म्हणाल तर फार काही नाही. फेंडर-गिब्सन या अमेरिकन कंपन्यांसारखी अल्निको मिश्रधातूची चुंबकं नाहीत. फ्रिजच्या दारातल्या रबरात असते तशी रबरात कालवलेली फेराइटची पट्टी, तिच्याभोवती तांब्याची तार, वर जाळी. मेणही भरलेलं नाही. स्वस्तात काढायचं म्हणून केलेलं हे सगळं, आणि आज लोक त्याच आवाजासाठी पैसे मोजतात. चुंबक कमजोर, त्यामुळे तारेला मोकळं कंप पावता येतं. मेण नाही, त्यामुळे जाळीवर टिचकी मारली तरी स्पीकरमधून ऐकू येते.

ठरलं. दुसरा पिकअप स्वतः गुंडाळायचा.

२ मार्च, रविवार

आप्पांचा फोन. "काय चाललंय?" म्हटलं, गिटार दुरुस्त करतोय. "विकत घ्यायची ना चांगली." मग कॅमेरा फिरवून रॉकर स्विच दाखवले, तर म्हणाले, "आपल्या बेंजोसारखं दिसतंय की!"

आप्पा यंत्रमागावर होते. गणपतीत मात्र दहा दिवस बेंजो पार्टीत. आपल्याकडे बेंजो म्हटलं की अमेरिकन बँजो नाही कोणाच्या डोक्यात येत. येतं ते टाइपरायटरसारख्या बटणांचं, आडवं ठेवून वाजवायचं, कर्ण्यातून गल्ली हादरवणारं वाद्य. त्याचं घरगुती रूप म्हणजे बुलबुल तरंग. मी इथे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मला कळलं की त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, आणि तेही १९१२ मध्ये याच नागोयात, ओसू भागातल्या गोरो मोरिता यांनी बनवलेलं. ज्या ओसूत मी दर शनिवारी कपॅसिटर आणि वायरी आणायला जातो तेच ओसू. आप्पांना हे तेव्हा सांगितलं होतं. त्यांचा अजून विश्वास नाही. "जपान्यांनी बटणं केली असतील, बेंजो आमचाच."

पिकअप गुंडाळायचा म्हटल्यावर मात्र गंभीर झाले. "तार किती बारीक?" ०.०६ मिलिमीटर. "किती वेढे?" सहा हजारांच्या आसपास. थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "करून बघ. तुटेल."

२० मार्च, गुरुवार

विषुवदिनाची सुट्टी. 'शिनानो' गाडीने मात्सुमोतो, दोन तास. हे गाव पाहिल्याशिवाय जपानी गिटारांवर बोलू नये असं माझं मत झालंय. डोंगरांनी वेढलेलं, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, कोरडी हवा. लाकूड वाळवायला उत्तम.

इथला मात्सुमोकू हा कारखाना १९५१ साली सुरू झाला तो सिंगर शिलाई मशीनची लाकडी खोकी करायला. पुढे त्याच हातांनी एरिया, वेस्टोन, आणि १९७० पासून एपिफोन या नावांच्या गिटारसुद्धा केल्या. १९८७ साली बंद झाला. दुसरा कारखाना फुजिगेन, १९६० चा, युताका मिमुरा आणि युइचिरो योकोउची या दोघांचा. योकोउची शेतकरी माणूस. त्यांच्या कारखान्यातून ग्रेको आली, आयबानेझ आली, आणि १९८२ मध्ये फेंडर जपान निघाल्यावर खुद्द फेंडरचं नाव असलेल्या गिटारही आल्या. 'जेव्ही'ने सुरू होणारा क्रमांक दिसला की संग्राहकांचे डोळे चमकतात, ते त्या पहिल्या मालामुळे.

गाडीत बसून नावांची यादी केली. आयबानेझ हे व्हॅलेन्सियाच्या एका स्पॅनिश गिटार कारागिराचं आडनाव. नागोयाची होशिनो कंपनी १९२९ पासून त्याच्या गिटार मागवत असे, पुढे तिने स्वतःच्या गिटारला तेच नाव दिलं. ग्रेको ऐकायला इटालियन. फर्नांडिस तर मडगावचीच वाटेल, पण टोकियोची, आणि गेल्या जुलैत दिवाळखोरीत गेली. सत्तरच्या दशकात हेडस्टॉकवर जपानी नाव नको असायचं, कारण गिऱ्हाइकाला जपानी माल म्हणजे स्वस्त माल वाटे. आज त्याच गिऱ्हाइकाची मुलं 'मेड इन जपान' वाचून जास्त पैसे देतात.

'लॉसूट गिटार', म्हणजे खटल्यातली गिटार, हिचंही लिहून टाकतो, कारण लिलावात दर दुसऱ्या वर्णनात हा शब्द आहे. सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल दिसली की विकणारा म्हणतो लॉसूट. खटला एकच होता. गिब्सनची मालक नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी होशिनोच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर केला. वाद आवाजाचा नव्हता, लाकडाचा नव्हता, होता हेडस्टॉकच्या वरच्या कडेच्या आकाराचा, उघड्या पुस्तकासारखी दिसते त्या कडेचा. आयबानेझने तो आकार त्याआधीच बदललेला होता. पुढच्या वर्षी आपसात मिटलं, निकाल लागलाच नाही. तोकाई, ग्रेको, बर्नी या दुसऱ्या जपानी नावांवर त्यात कोणी बोट ठेवलं नव्हतं. तरीही एका मिटलेल्या भांडणाच्या नावावर अजून हजारो गिटार चढ्या भावाने विकल्या जातात.

त्यापेक्षा जुन्या ग्रेकोचा आकडा प्रामाणिक. ईजी-५०० म्हणजे किंमत ५०,००० येन. दोन शून्यं लावा, बिल तयार. तोकाईचं एलएस-५० म्हणजेही पन्नास हजारच.

६ एप्रिल, रविवार

शेजारच्या आजींची जुनी शिलाई मशीन मागून आणली. तिच्या बॉबिन भरायच्या चाकावर प्लास्टिकची चौकट बसवली. वेढे मोजायला स्वस्त कॅल्क्युलेटर : 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच, जोडला, चाकावर चुंबक चिकटवलं. १ + १ दाबून ठेवलं की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो.

पहिला प्रयत्न : ८७० वेढ्यांवर तुटली.
दुसरा : ३,२१४.
तिसरा : ४०.

चौथा केला नाही. सोन्यासारखा रविवार गेला.

१३ एप्रिल, रविवार

आप्पांना व्हिडिओवर दाखवलं. मी तार अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून सोडत होतो. ते बघताक्षणी म्हणाले, "ओढतोयस कशाला? कांडी भरताना कोणी धागा ओढतं का? त्याला येऊ दे. फेल्ट आहे का घरात?"

कांड्या भरणं म्हणजे यंत्रमागाच्या धोट्यातल्या नळीवर सूत गुंडाळणं. आई आणि मावशी ते वर्षानुवर्षं करत होत्या. आईसुद्धा मागून बोलली : "आणि गुंडी आडवी ठेवू नको, उभी ठेव, वरून सुटू दे."

तारेचं रीळ जमिनीवर उभं ठेवलं. तार वर एका काचेच्या मण्यातून आणली आणि फेल्टच्या दोन तुकड्यांतून सैल जाऊ दिली. बोट फक्त डावी-उजवीकडे दिशा द्यायला. ५,९५० वेढे, एकदाही न तुटता. मीटरवर ५.९. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "म्हणजे झालं ना?"

झालं.

४ मे, रविवार

गोल्डन वीक, जपानातला सुट्ट्यांचा आठवडा. ज्यांची शिलाई मशीन आणली होती त्या आजींचे मिस्टर पंचाहत्तरीचे आहेत, आणि मशीन परत करायला गेलो तेव्हा गिटारबद्दल ऐकून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. साडेचार तातामी चटयांएवढ्या त्या खोलीत अंथरूण घालायला जागा नाही, आठ गुयाटोन उभ्या आहेत. गुयाटोन म्हणजे मित्सुओ मात्सुकींच्या कंपनीची गिटार. शॅडोज या ब्रिटिश बँडचा हँक मार्विन सुरुवातीला अँटोरिया नाव लावलेली जी गिटार वाजवायचा ती मुळात हीच, एलजी-५०. पुन्हा दुसऱ्याचं नाव!

१९६५ साली हे आजोबा पंधरा वर्षांचे. त्या वर्षी तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने मुलांना एरेकीची बंदी घातली, आणि ते लोण देशभर पसरलं. यांच्या वडिलांनी पेपरात वाचलं आणि घरातली गिटार विहिरीजवळच्या शेडमध्ये टाकून कुलूप लावलं. "ती परत दिसलीच नाही. म्हणून हे आठ." आठांपैकी एकही त्या मॉडेलची नाही. ते मॉडेल समोर आलं तरी घेणार नाही म्हणतात. का, ते विचारलं नाही.

माझी गिटार त्यांनी उलटी केली, स्क्रू पाहिले, मान हुंगली, हो, खरंच हुंगली. मग कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात टेस्कोचा बिल्ला, नवा, नकली पण सुबक. "लाव. किंमत तिप्पट होईल." बिल्ला हेडस्टॉकवरच्या गडद डागावर ठेवून पाहिला. एका बाजूने डाग बाहेर राहत होता. भोकंही जुळेनात, सूतभराचा फरक.

त्यांनी बिल्ला उचलून परत पाकिटात ठेवला. "मग ही ती नाही," एवढंच म्हणाले, आणि चहा आला.

१८ मे, रविवार

जुळणी. मान सरळ करायला आत वळवायचा रॉड नाही, आत नुसती पोलादी पट्टी आहे, त्यामुळे मान वाकली तर खाचेत कागदाएवढी पाचर घालून कोन बदलणं एवढंच हातात. अर्ध्या मिलिमीटरची मॅपलची पाचर घातली. नव्या पिकअपवर सोनेरी पत्रा लावला नाही, काळा ठेवलाय. कोणी उघडून पाहिलं तर कुठला जुना आणि कुठला माझा हे लगेच कळावं. आतल्या बाजूला तारीख आणि '५,९५० वेढे' लिहिलं. पेन्सिलीनेच.

संध्याकाळी लावून पाहिली. जुना पिकअप भांड्यावर चमचा वाजावा तसा चुरचुरीत. माझा जरा जाड, थोडा घुमतो. दोन्ही स्विच एकदम दाबले की जे येतं ते मला शब्दांत लिहिता येत नाही. हाउंड डॉग टेलर हा ब्लूज वादक शिकागोच्या बारमध्ये असल्याच एका स्वस्त जपानी गिटारवर स्लाइड घासत असे, डाव्या हाताला सहा बोटं घेऊन. माझी पाचच, आणि त्यांतली दोन सोल्डरने भाजलेली.

आप्पांना ऐकवलं. त्यांनी आधी गणपतीतलं कुठलं तरी गाणं वाजव म्हणून सांगितलं. मला जमलं नाही. मग कॅमेरा जवळ आणायला लावला.

"पाटी कुठाय?"

"नाहीये, आप्पा. होती ती गेली."

"मग कोणाची आहे ते कळणार कसं?"

"स्क्रूवरून."

फोन आईकडे गेला. पाचवी खुंटी अजून सरकते, गिअरचा दात झिजलाय. ओसूत पुढच्या शनिवारी बघायचं.